‘बफर वाढवा’ : एका सल्ल्याची समीक्षा

पुस्तकांची, सिनेमांची समीक्षा आपण नेहमी वाचतो. आज मला एका यादीची समीक्षा करायची आहे. तुम्ही घरी कधी गाणं रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला असेल, तर ही यादी तुम्हाला कुणी ना कुणी दिलीच असेल. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना तडतड आवाज येतो, अशी तक्रार तुम्ही करता. समोरचा माणूस एका दमात सांगतो : बफर वाढवा, आसिओ-फॉर-ऑल टाका, ड्रायव्हर अपडेट करा, लेटन्सीमॉन चालवून बघा, अँटिव्हायरस बंद करा. नाहीच जमलं तर विंडोज नव्याने टाका.

यादीतला जवळजवळ प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत बरोबर आहे. तरीही ही यादी वाईट आहे असं माझं मत आहे, आणि ते का, हे तुम्हाला सांगायचंय. तुम्ही पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करताय, संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘चल’, ‘नियंत्रण’, ‘वैधता’ यांच्या व्याख्या पाठ करताय. त्या व्याख्या मलाही पाठ होत्या. तरी मी या यादीच्या नादी लागून माझ्याच घरातला एक न मिळणारा ऐवज जवळपास घालवला होता.

माझा विषय ध्वनिशास्त्र. उच्चार मोजणं हे माझं रोजचं काम. पण ही गोष्ट प्रबंधाची नाही, घरची आहे. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणते. म्हणजे म्हणायची. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज कसा राहील हे डॉक्टरही खात्रीने सांगत नव्हते. म्हणून त्याआधीच्या दोन आठवड्यांत तिच्या घरी बसून मी चौदा बैठका रेकॉर्ड केल्या. एक लॅपटॉप, एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक माइक. कल्पना अशी होती, की ओव्या आधी नुसत्या आवाजात घ्यायच्या आणि नंतर गावातल्या पेटीवाल्या काकांनी त्यांच्या सवडीने मागे हलका सूर धरायचा.

पहिल्याच दिवशी तडतड सुरू झाली. दर दहा-पंधरा सेकंदांनी, तव्यावर मोहरी उडावी तसा आवाज. मी एका अनुभवी मित्राला फोन केला आणि त्याने यादी दिली. रात्री बसून मी ती सगळी अमलात आणली. जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला, बफर २५६ वरून १०२४ केला, अँटिव्हायरस बंद केला, वाय-फाय बंद केलं. दुसऱ्या दिवशी तडतड गायब! मी खूश. उरलेल्या बैठका स्वच्छ झाल्या, हेडफोनवर ऐकल्या तेव्हा आत्याचा आवाज अगदी जसाच्या तसा.

महिन्याभराने फाइली पेटीवाल्या काकांकडे गेल्या. त्यांचा फोन आला. म्हणाले, “अरे, बाईंची पट्टी काळी चार. चाळीस वर्षं साथ करतोय मी त्यांना. तू पाठवलंयस ते काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे लटकतंय. पेटीवर ती जागाच नाही. आणि बाई एवढ्या रेंगाळून कधीपासून म्हणायला लागल्या?”

मी त्यांना सांगितलं, की वयाने आवाज उतरतो, त्यातून त्या आजारी होत्या. बघा, हे मी सांगितलं. आवाज मोजणाऱ्या विद्यार्थ्याने. समोर पुरावा होता आणि मी त्याच्यावर एक सोयीचं स्पष्टीकरण पांघरून मोकळा झालो.

या गोष्टीकडे परत येऊ. आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय यादीवरची टीका कळणार नाही.

जात्याचंच उदाहरण घेऊ. जातं सतत फिरतंय. तुम्ही मुठीमुठीने दाणे घालताय. मूठ लहान असेल तर पीठ ताजं ताजं लगेच हाती येतं, पण हात सतत चालू ठेवावा लागतो, आणि कुणी दाराशी हाक मारली की जातं रिकामं फिरतं. मूठ मोठी असेल तर दाराशी जाऊन यायला वेळ मिळतो, पण घातलेला दाणा पीठ होऊन बाहेर यायला उशीर लागतो. बफर म्हणजे ही मूठ. ऑडिओ इंटरफेसचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेत राहतं. कॉम्प्युटर ते मुठीमुठीने उचलतो. २५६ नमुन्यांची मूठ आणि ४८,००० चा वेग असेल, तर कॉम्प्युटरला दर ५.३ मिलिसेकंदांनी हजेरी लावावी लागते. मूठ १०२४ केली की २१.३ मिलिसेकंद मिळतात. एकदा जरी हजेरी चुकली, तरी तेवढे नमुने गेले. तिथे दोन टोकं एकमेकांना जुळत नाहीत आणि कानाला ‘तड’ ऐकू येतं.

म्हणजे तडतड हा काही आवाजावर बसलेला डाग नाही, ते आवाजाला पडलेलं भोक आहे. डाग पुसता येतो. भोक बुजवलं तरी आतलं गेलेलं परत येत नाही. ‘क्लिक काढा’ असं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, ते भोकावर ठिगळ लावतं आणि ऐकायला छान वाटतं. पण २५६ ची एक मूठ हरवली तर ५.३ मिलिसेकंद गेले, ५१२ ची हरवली तर १०.७. मराठीत ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातला फरक मोजायचा तर ओठ-जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावेपर्यंतचा काही दहा मिलिसेकंदांचा काळ मोजावा लागतो. त्यात दहा मिलिसेकंद हरवले, तर तुमचा तक्ता तुम्हाला खोटं सांगणार, आणि ठिगळ इतकं सफाईदार असेल की कुठे खोटं सांगतोय तेही दिसणार नाही.

आता ड्रायव्हर. हा मधला निरोप्या. विंडोजवर याचा इतिहास म्हणजे एकावर एक बांधलेले मजले आहेत. सर्वात जुना एमएमई, विंडोज ९५ च्या काळात आलेला डायरेक्टसाउंड, मग व्हिस्टाबरोबर आलेला वासापी. यातलं जुनं काही पाडलं नाही, म्हणून आजही सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ सिस्टिम’ निवडायला गेलात की ही सगळी नावं एका रांगेत दिसतात आणि नवखा माणूस गांगरतो. हे मजले मुख्यतः अनेक प्रोग्रॅमचा आवाज एकत्र मिसळून स्पीकरला देण्यासाठी बांधलेले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज तत्क्षणी कानात हवा असतो, ही त्यांची मूळ काळजी नव्हती. म्हणून १९९७ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने, म्हणजे क्युबेस बनवणाऱ्यांनी, आसिओ आणलं. मधले मजले टाळून सॉफ्टवेअर आणि यंत्र यांच्यात थेट जिना. मॅकवर कोअर ऑडिओ नावाची एकच व्यवस्था असल्याने तिकडच्या लोकांना हा गोंधळ पुष्कळ कमी भोगावा लागतो. तिकडेही भोगावं लागतंच, पण आपला विषय तो नाही.

एवढं कळलं की यादी वाचता येते.

‘बफर वाढवा’ हा उपाय काम करतो. का काम करतो? कारण हजेरीला उशीर होण्याचं कारण काहीही असो, मोठी मूठ त्या उशिराला पोटात घेते. औषधांत पॅरासिटॅमॉलचं जे स्थान, ते इथे बफरचं. ताप उतरतो, पण मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही. रेकॉर्डिंगपुरतं हे पुष्कळदा चालतं, आणि ओव्यांसारखं एकट्याने म्हणायचं असेल, कानात स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून परत नको असेल, तर बफर मोठा ठेवणं हाच शहाणपणा आहे. पण तबल्यावर पेटी चढवायची असेल तर ४० मिलिसेकंदांचा उशीर असह्य होतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेला साथीदार. ४० म्हणजे चौदा मीटर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. सल्ला देणारा तुम्हाला हे विचारतच नाही, की तुम्हाला नेमकं करायचंय काय.

आसिओ-फॉर-ऑलबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ते मंत्रासारखं वापरलं जातं. मिखाएल टिपाख यांनी बनवलेली ही फुकट मिळणारी गोष्ट मला मनापासून आवडते. ज्या लॅपटॉपच्या साउंड कार्डाला स्वतःचा आसिओ ड्रायव्हर नाही, त्याच्या विंडोज ड्रायव्हरशी खालच्या पातळीवर बोलून ते सॉफ्टवेअरपुढे आसिओच्या वेषात उभं राहतं. दुभाषा म्हणा. एक पैसा खर्च न करता घरच्या लॅपटॉपवर गाणाऱ्या असंख्य मुलांचं काम याने चालवलं आहे.

पण दुभाषा मूळ वक्त्याला हुशार करत नाही. तुमच्या इंटरफेसबरोबर कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर येत असेल, तर मधे दुभाषा बसवून काय मिळणार? यादी हे सांगत नाही. दुसरं, आसिओ-फॉर-ऑल यंत्र सहसा स्वतःसाठी अडवून ठेवतं. ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ उघडा राहिला असेल, तर यंत्र आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असतं आणि सॉफ्टवेअर मुकं होतं. माणूस म्हणतो ड्रायव्हर बिघडला, आणि सगळं काढून पुन्हा टाकतो. बिघडलेलं काहीच नसतं. तिसरं सर्वात घातक : त्याच्या खिडकीत कुठलं यंत्र चालू आहे हे तुम्ही तपासलं नाही, तर समोर चांगला माइक ठेवून प्रत्यक्षात लॅपटॉपच्या पडद्यावरच्या टिकलीएवढ्या माइकमधून रेकॉर्डिंग होऊ शकतं. आवाज येतोय, रेघ हलतेय, सगळं ठीक दिसतंय. याची परीक्षा फुकट आहे. माइकच्या जाळीवर हळूच नख घासा, मग लॅपटॉपच्या कडेवर घासा. कुठल्या वेळी रेघ उसळते ते बघा. दहा सेकंद लागतात. मला दिलेल्या यादीत ही परीक्षा नव्हती, आणि मी अजून कुठल्याच यादीत पाहिली नाही.

यादी लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलेलं नाही याचा एक नमुना सांगतो. ‘ऑडॅसिटी उघडा आणि तिथे आसिओ निवडा’ असा सल्ला कितीदा तरी दिला जातो. ऑडॅसिटी मुक्त परवान्याखाली येतं आणि आसिओच्या परवान्याशी तो जुळत नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं ऑडॅसिटी वाटलं जायचं ते आसिओशिवायच. जो पर्यायच यादीत दिसत नाही, तो निवडायला सांगणाऱ्याने शेवटचं कधी उघडून पाहिलं असेल? संदर्भ न वाचता संदर्भ देणाऱ्यांची आठवण होते. असो.

लेटन्सीमॉन ही यादीतली सर्वात ‘वैज्ञानिक’ दिसणारी वस्तू. विंडोजमध्ये प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर मधूनच प्रोसेसरला अडवतो : वाय-फाय म्हणतं पाकीट आलंय, ग्राफिक्स कार्ड म्हणतं चित्र झालंय. ही तातडीची कामं चालू असताना ऑडिओला थांबावं लागतं. कोण किती वेळ अडवतं हे लेटन्सीमॉन मोजतं आणि शेवटी हिरव्या किंवा लाल अक्षरांत निकाल देतं. साधन उत्तम आहे. वाचणारे आपण कच्चे.

लोक ते दोन मिनिटं चालवतात, हिरवं दिसलं की बंद करतात. पण ते दाखवतं तो सर्वाधिक वेळ असतो, आणि सर्वाधिक हा आकडा निरीक्षणाचा काळ वाढला की वाढतच जातो, कमी होऊ शकत नाही. दोन मिनिटांचा कमाल पाऊस आणि चार महिन्यांचा कमाल पाऊस यांची तुलना तुम्ही कराल का? तुमची बैठक तासाभराची असेल, तर मोजणीही तासाभराची हवी, आणि रेकॉर्डिंग चालू असताना हवी. शिवाय आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. कुणी १ मिलिसेकंद अडवलं, तर ६४ च्या बफरला ते झोपवेल, कारण ४८,००० वर त्याच्याकडे जेमतेम १.३ मिलिसेकंद असतात. १०२४ च्या बफरला त्याचा पत्ताही लागणार नाही. आणि गुन्हेगार म्हणून ज्या फाइलीचं नाव येतं, ते पुष्कळदा विंडोजच्या एखाद्या सामायिक चौकटीचं असतं, जिच्या आत बसून भलताच ड्रायव्हर काम करत असतो. पोलिसांनी चाळीचं नाव सांगितलं, खोली नाही. लोक त्या नावाने दिवस दिवस शोध घेत बसतात. खोली शोधायची तर एकेक यंत्र बंद करून पुन्हा मोजायचं : आधी फक्त वाय-फाय, मग ते चालू करून फक्त ब्लूटूथ, मग फक्त वेबकॅम. कंटाळवाणं आहे, मान्य.

ड्रायव्हर अपडेट आणि अँटिव्हायरस यांवर फार शाई घालवत नाही. अपडेटने कधी सुधारतं, कधी बिघडतं. जुन्या ड्रायव्हरची फाइल आणि त्याच्या सेटिंगचा फोटो जवळ ठेवल्याशिवाय ते करू नये. मी ठेवला नव्हता.

माझा मुख्य आक्षेप मात्र या एकेका उपायावर नाही. आक्षेप हा आहे, की ही यादी चार वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देते. तडतड म्हणजे नमुने हरवले. उशीर म्हणजे मूठ मोठी. मुकेपणा म्हणजे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात किंवा चुकीचं निवडलेलं. आणि चौथं दुखणं तर यादीला माहीतच नाही, कारण ते कानाला ऐकू येत नाही : घड्याळाचा घोटाळा. शिवाय पाचही उपाय एकाच रात्री करायला लावल्याने, तडतड कशाने गेली हे कधीच कळत नाही, आणि त्या भरात नवीन काय बिघडलं हेही कळत नाही. मी प्रबंधाच्या प्रस्तावात ‘एका वेळी एकच चल बदलला जाईल’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आत्याच्या घरी एका रात्रीत पाच बदलले. घरचं काम होतं ना!

तर काकांचा फोन. दोन दिवस ते ‘लटकतंय’ डोक्यात राहिलं. म्हातारपणाने आवाज उतरला हे एक वेळ ठीक. पण रेंगाळली का? पट्टी आणि लय दोन्ही एकदम खाली, म्हणजे टेप हळू फिरल्यासारखं. कागदावर मांडलं. ४८,००० ला ४४,१०० ने भागलं की १.०८८. एवढ्या फरकाने आवाज खाली आला तर तो जवळपास दीड स्वर-पायरी उतरतो, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीइतका. काळी चारपासून दीड पट्टी खाली मोजा : पांढरी पाच ही एक, आणि अर्धी आणखी खाली. काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मधे! काकांच्या कानाने दशांश चिन्हापर्यंत उत्तर दिलं होतं आणि मी त्यांना वयाचं ज्ञान शिकवत होतो.

संशय असा : नव्या ड्रायव्हरने इंटरफेसचं घड्याळ ४८,००० वर बांधून ठेवलं. सॉफ्टवेअरने ४४,१०० मागितले, ड्रायव्हर ‘हो’ म्हणाला आणि देत राहिला ४८,०००. सॉफ्टवेअरने फाइलीच्या माथ्यावर निमूट ‘४४,१००’ लिहिलं. मग मला तिथे ऐकताना कळलं कसं नाही? कारण मी त्याच इंटरफेसवर ऐकत होतो. चुकीच्या घड्याळाने घेतलं, त्याच चुकीच्या घड्याळाने वाजवलं, चूक चुकीने कापली गेली. ज्या फुटपट्टीने कापड कापलं तिनेच मोजलं, तर माप बरोबरच येणार. फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली तेव्हाच उघड झालं.

पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे. आत्याने खरंच खालच्या पट्टीत म्हटलं नसेल कशावरून? तिच्या आवाजावरूनच तिच्या आवाजाची चूक सिद्ध करता येणार नाही. बाहेरचा साक्षीदार हवा. असा साक्षीदार की जो तेव्हा त्या खोलीत होता, ज्याचा सूर मला आधीपासून पक्का माहीत आहे, आणि ज्याला म्हातारपण येत नाही.

तो होता. विजेची गुणगुण. आत्याच्या घरच्या प्लगला अर्थिंग धड नाही, लॅपटॉप चार्जरवर होता, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी एक बारीक ‘हूँ’ आहे. पहिल्या दिवशी मी त्याला शिव्या घातल्या होत्या. भारतातली वीज ५० हर्ट्झची. ग्रिड सांभाळणारे ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न करतात; थोडी इकडेतिकडे होईल, पण ४६ झाली तर राज्य अंधारात जाईल. माझा संशय खरा असेल, तर फाइलीत ही गुणगुण ५० ऐवजी ४५.९ वर दिसायला हवी, आणि तिचा दुप्पट सूर १०० ऐवजी ९१.९ वर.

ऑडॅसिटीत फाइल उघडली, आत्या श्वास घेते त्या शांत जागा निवडल्या आणि वर्णपट काढला. इथे एक बारीक गोष्ट : वर्णपटाचा आकार २०४८ ठेवलात तर दोन रेघांमधलं अंतर सुमारे २१ हर्ट्झ असतं, त्यात ४६ आणि ५० वेगळे दिसणारच नाहीत. तो ६५,५३६ केला, मग अंतर पाऊण हर्ट्झच्या आत आलं. पहिल्या दिवसाच्या, तडतडणाऱ्या फाइलींत टोक ५० वर. दुसऱ्या दिवसापासून पुढे : ४६ ला चिकटून, आणि दुसरं ९२ ला.

तरीही मी यंत्र पुन्हा मांडलं. मोबाइलवर ४४० हर्ट्झचा सूर लावला, तेच सॉफ्टवेअर, तोच ड्रायव्हर, फक्त ड्रायव्हरच्या खिडकीतली घड्याळाची नोंद एकदा ‘४८,००० कायम’ आणि एकदा ‘सॉफ्टवेअर सांगेल ती’. बाकी काही हलवलं नाही. पहिल्या फाइलीत ४०४ आले, दुसरीत ४४०. ज्या रात्री ड्रायव्हर काढून घातला, त्या रात्री ती नोंद बदलली होती.

दुरुस्ती सोपी निघाली, पण इथेही एक सापळा आहे. फाइल ‘रिसॅम्पल’ करायची नाही. रिसॅम्पल केलं तर सॉफ्टवेअर चुकीचा सूर प्रामाणिकपणे जपत नवे नमुने तयार करतं. आपल्याला नमुने बदलायचे नाहीत, त्यांच्यावरची चुकीची चिठ्ठी बदलायची आहे. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला ‘रेट’ बदलला की तेच नमुने ४८,००० ने वाचले जातात. प्राटमध्ये यासाठी ‘ओव्हरराइड सॅम्प्लिंग फ्रिक्वेन्सी’ अशी वेगळी आज्ञा आहे. १० मिनिटं ५३ सेकंदांची ओवी पुन्हा १० मिनिटांची झाली. काकांना पाठवली. त्यांचा निरोप आला, “आता बाई घरी आल्या.”

पहिल्या दिवसाच्या तीन फाइलींचं मात्र काही झालं नाही. त्यांचा सूर बरोबर आहे आणि त्यांना भोकं आहेत. त्यातल्या दोन ओव्या आत्याने नंतर पुन्हा म्हटल्याच नाहीत. त्या मी ठिगळ न लावता तशाच ठेवल्या आहेत, प्रत्येक भोकाची वेळ शेजारी लिहून.

आता तुमच्याकडे एक मागणं. प्रबंधांत एक वाक्य हमखास असतं : ‘ध्वनिमुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ या दराने करण्यात आले.’ माझ्याही लेखात होतं. पुढच्या वेळी ते वाचाल तेव्हा विचारा, हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा उत्तर असतं, सॉफ्टवेअरने. सॉफ्टवेअरला ड्रायव्हरने सांगितलं, आणि ड्रायव्हरला विचारलंय कुणी? उशिराच्या आकड्याचंही तेच. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात ‘५.३ मिलिसेकंद’ असं लिहिलेलं असतं तो ड्रायव्हरचा दावा. इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या तारेचं टोक आत येणाऱ्या खाचेत घालून एक टिचकी वाजवा आणि रेकॉर्ड करा. मूळ टिचकी आणि परत आलेली टिचकी यांतलं अंतर मोजलंत की खरा आकडा कळतो. तो दाव्यापेक्षा मोठा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. आतले कन्व्हर्टर आणि यूएसबीसाठी राखलेली जास्तीची मूठ यांचा हिशेब पुष्कळदा धरलेलाच नसतो.

माझ्या मित्राची यादी मी फेकली नाही. तिच्या वर दोन ओळी लिहून ती परत त्यालाच दिली : ‘आधी विचार, नेमकं काय होतंय. मग एकच गोष्ट बदल आणि काय बदललं ते लिही.’ तो म्हणाला, एवढा वेळ कुणाला असतो.

एक फाइल राहिली होती. अकरावी बैठक. त्या दुपारी वीज गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि वर्णपटाच्या तळाशी काहीच नव्हतं, ना ५०, ना ४६. इतर फाइलींसारखीच असणार असं धरून चिठ्ठी बदलणार होतो, पण मग थांबलो. धरून चालण्यानेच तर सगळं झालं होतं. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. आत्याच्या दोन ओव्यांच्या मधे, खूप मागे, भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाची टिकटिक होती. साठ टिका मोजल्या. ६५.३ सेकंद.